कर्नल अपडेट झाला की बूट डिस्क पुन्हा एकाच पाथवर : पहिले पाढे पंचावन्न

सॅनवरून (डिस्क सर्व्हरबाहेर ठेवणाऱ्या स्टोरेज नेटवर्कवरून) बूट होणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. दोन एचबीए पोर्ट (एचबीए म्हणजे स्टोरेज नेटवर्कचं कार्ड), दोन स्वतंत्र फॅब्रिक (स्विचांची जाळी), स्टोरेजचे दोन कंट्रोलर; म्हणजे बूट लनपर्यंत (स्टोरेजवरच्या ज्या डिस्कवरून सर्व्हर सुरू होतो तिच्यापर्यंत) जायला चार पाथ, म्हणजे वाटा. झोनिंग (कोणत्या पोर्टला काय दिसावं हे स्विचवर ठरवणं) बरोबर, केबल बरोबर, सगळे पाथ मिळून एकच डिस्क दाखवणारी मल्टिपाथ सर्व्हिस चालू. आणि तरीही कधीतरी लक्षात येतं की रूट फाइलसिस्टिम मल्टिपाथवर नाहीच, ती थेट एसडीएवर, म्हणजे एकाच पाथवरून दिसणाऱ्या डिस्कवर, बसलेली आहे. मग कोणीतरी ड्राकट हे साधन चालवून इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलसोबत उघडणारी छोटी इमेज) नव्याने बनवतं, तिकीट बंद होतं. पुढच्या पॅचिंगनंतर बघावं तर ये रे माझ्या मागल्या.

चार पाथसाठी पैसे मोजलेले असतात, पण प्रत्यक्षात सगळा भार एका केबलवर असतो. ती केबल किंवा तो स्विच गेला की रूटच हातातून जातो. बाकीचे पाथ सुस्थितीत असूनही सर्व्हर कोसळतो, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. खाली लिहिलंय ते मुख्यतः रेड हॅट ८ आणि ९ आणि त्यांच्या कुळातल्या वितरणांसाठी. सुसेमध्येही ड्राकटच असल्याने तर्क तोच लागू होतो. उबुंटू आणि डेबियनवर इनिटरामएफएस बनवण्याचं साधन सहसा वेगळं असतं, तिथे मल्टिपाथ-टूल्स-बूट हे पॅकेज बसवून अपडेट-इनिटरामएफएस चालवावं लागतं.

आधी खात्री करा

फसगत इथेच होते. मल्टिपाथ -एलएल चालवलं की डेटाच्या लनांची लांबलचक यादी येते, प्रत्येकाखाली चार ओळी, सगळीकडे ॲक्टिव्ह, रेडी, रनिंग. बघणारा समाधानाने टर्मिनल बंद करतो. पण त्या यादीत बूटचा लन आहे का, हे कोणी मोजत नाही. डेटाचे लन बूटनंतर सावकाश जोडले जातात, तोवर मल्टिपाथ सर्व्हिस उभी राहिलेली असते, म्हणून त्यांना काही होत नाही. अडचण फक्त रूटची असते.

म्हणून प्रश्न उलट्या बाजूने विचारा. फाइंडमाउंट वापरून रूटचा स्रोत काढा आणि त्या डिव्हाइसवर एलएसबीएलके -एस चालवा (या लेखातल्या पर्यायांची इंग्रजी अक्षरं सगळी लहान लिपीतली). हा पर्याय झाड वरून खाली न दाखवता खालून वर दाखवतो. निरोगी सर्व्हरवर प्रकारांचा रकाना असा दिसतो:

रूट → एलव्हीएम
एमपाथए३ → पार्ट
एमपाथए → एमपाथ
एसडीए, एसडीसी, एसडीई, एसडीजी → डिस्क

बिघडलेल्या सर्व्हरवर मधली एमपाथची पायरीच नसते. एलव्हीएमखाली (डिस्कच्या जागेची वाटणी करणाऱ्या लिनक्सच्या थराखाली) थेट एसडीए३, त्याखाली एसडीए, संपलं. बाकीचे तीन एसडी यंत्रात दिसत असतात, पण त्यांचा उपयोग कोणी करत नसतं.

जर्नलमध्येही खूण सापडते. मल्टिपाथडी (मल्टिपाथची सर्व्हिस) बूटनंतर या लनसाठी मॅप, म्हणजे सगळ्या पाथांची मिळून एक डिस्क, बनवायचा प्रयत्न करतो आणि कर्नल त्याला नकार देतो: डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी. सोबत डिव्हाइस-मॅपरची टेबल, मल्टिपाथ, एरर गेटिंग डिव्हाइस अशी ओळ असते. नकाराचं कारण सरळ आहे. एसडीए३ एलव्हीएमने आधीच धरून ठेवलंय, आता ते मल्टिपाथला मिळणार नाही. रूट चालू असताना त्याच्याखालून डिस्क काढून मॅप सरकवता येत नाही. म्हणूनच या दुखण्यावर रीबूटशिवाय इलाज नाही, आणि मल्टिपाथडी कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी फरक पडत नाही.

पुन्हा पुन्हा का होतं

ड्राकट होस्ट-ओन्ली पद्धतीने चालतो, म्हणजे इमेज लहान राहावी म्हणून या यंत्राला जे लागतं तेवढंच आत घेतो. मल्टिपाथ मॉड्यूल आत घ्यायचं की नाही हे तो कसं ठरवतो? आत्ता, या क्षणी, रूट मल्टिपाथवर आहे का हे पाहतो. आहे तर घेतो. नसेल तर गरज नाही असं समजून सोडून देतो.

आता पुढचं पाहा. सर्व्हर काही कारणाने एकदा एसडीएवर उठला. त्या अवस्थेत नवा कर्नल बसवला. पॅकेज बसताना त्या कर्नलसाठी इमेज आपोआप बनते, आणि त्या क्षणी रूट एसडीएवर असल्याने इमेजमध्ये मल्टिपाथ येत नाही. रीबूट झाला, नव्या इमेजमध्ये मल्टिपाथच नाही, रूट पुन्हा एसडीएवर. त्यानंतरचा कर्नलही याच अवस्थेत बसतो. आजची अवस्था उद्याची इमेज ठरवते आणि ती इमेज परवाची अवस्था.

मग कोणी तरी हाताने ड्राकट --फोर्स --ॲड मल्टिपाथ चालवतं. हा आदेश बरोबर आहे, पण तो चालू कर्नलच्या एका इमेजपुरताच लागू होतो. तो कुठेही लक्षात ठेवला जात नाही. उत्पादनातल्या सर्व्हरला लगेच रीबूट मिळत नाही, म्हणून ठरतं की पुढच्या पॅचिंगच्या रात्री रीबूट होईलच, तेव्हा तपासू. त्या रात्री आधी अपडेट चालतं, नवा कर्नल येतो, त्याची नवी इमेज बनते, आणि रूट अजून एसडीएवरच असल्याने तिच्यात मल्टिपाथ नसतं. दुरुस्त केलेली इमेज जुन्या कर्नलची, बूट होतो नवा कर्नल. दुरुस्ती कधी वापरलीच जात नाही. माझ्या अनुभवात हा प्रश्न परत येण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच आहे, आणि हे सहज लपतं, कारण आदेश चालवल्याची नोंद तिकिटात असते.

यातून आणखी एक गैरसमज होतो. ग्रबमधून (बूटच्या मेनूतून) जुना कर्नल निवडला की मल्टिपाथ व्यवस्थित येतं, नवा निवडला की येत नाही. लगेच नव्या कर्नलवर खापर फुटतं, एचबीएच्या ड्रायव्हरची चौकशी सुरू होते. कर्नलचा यात काही दोष नसतो. दोघांच्या इमेज वेगवेगळ्या अवस्थेत बनल्या आहेत इतकंच.

मुळात एसडीएवर गेला कसा

साखळी तोडण्याआधी तिची पहिली कडी शोधा, नाहीतर ती पुन्हा जुळेल.

एक नेहमीचं कारण म्हणजे इन्स्टॉलेशन. चार-चार वेळा तीच डिस्क दिसू नये म्हणून अनेक जण झोनिंगमध्ये सुरुवातीला एकच पाथ उघडतात, ओएस टाकतात आणि मग बाकीचे पाथ जोडतात. इन्स्टॉलरला एकच पाथ दिसला तर त्याच्या दृष्टीने ती साधी डिस्क असते. पहिलीच इमेज मल्टिपाथविना बनते.

दुसरं कारण स्टोरेज बदलणं, आणि याकडे मी विशेष लक्ष द्यायला सांगेन. जुन्या ॲरेवरून (स्टोरेज यंत्रावरून) नव्यावर बूट लन ब्लॉकन् ब्लॉक उतरवला की फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (तिच्या आतच लिहिलेली ओळख) तोच राहतो, एलव्हीएमचे यूयूआयडी तेच राहतात, त्यामुळे सर्व्हर निमूट उठतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण लनचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (स्टोरेजने लनला दिलेला ओळख क्रमांक) बदललेला असतो. रेड हॅटमध्ये फाइंड_मल्टिपाथ्स हा पर्याय सहसा यसवर असतो. त्याचा अर्थ असा की एखाद्या डिस्कचे किमान दोन पाथ दिसले, किंवा तिचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी /ईटीसी/मल्टिपाथ/डब्ल्यूडब्ल्यूआयडीज या फाइलमध्ये आधीपासून असला, तरच ती मल्टिपाथची मानायची. बूटच्या सुरुवातीला पहिला पाथ दिसतो, फाइलमध्ये नवा क्रमांक नाही, म्हणून दुसरा पाथ येईपर्यंत मल्टिपाथ ती डिस्क आपली मानत नाही. तेवढ्या वेळात एलव्हीएम पहिला पाथ पटकावतो. कधी दुसरा पाथ आधी येतो आणि सगळं सुरळीत होतं, कधी येत नाही. एकाच सर्व्हरवर एका रीबूटला मल्टिपाथ आणि दुसऱ्या रीबूटला एसडीए असं दिसत असेल तर या शर्यतीचाच संशय घ्या.

तिसरं, एका फॅब्रिकच्या स्विचचं फर्मवेअर आणि सर्व्हरचं पॅचिंग एकाच रात्री ठेवणं. फॅब्रिक बंद असताना बूट झालं आणि डब्ल्यूडब्ल्यूआयडी फाइलमध्ये नसला, की दुसरा पाथ यायचा प्रश्नच नसतो. ही दोन कामं एका विंडोत घेऊ नका, बदल समितीने कितीही आग्रह केला तरी.

जुन्या नमुन्यावरून उचललेली मल्टिपाथ.कॉन्फ (मल्टिपाथची सेटिंग फाइल) हेही एक कारण असतं. तिच्यातल्या ब्लॅकलिस्टमध्ये एसडीने सुरू होणारी सगळी नावं वगळणारी ओळ असते, लोकल डिस्क टाळायच्या हेतूने लिहिलेली. सॅनच्या डिस्कही एसडीच असतात. लोकल डिस्क वगळायची तर तिच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीने वगळा.

दुरुस्ती, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. चुकला तर सर्व्हर आपत्कालीन शेलमध्ये अडकतो.

आधी चालू इमेजची एक प्रत /बूटमध्येच वेगळ्या नावाने ठेवा. मग ड्राकटला कायमचं सांगा. /ईटीसी/ड्राकट.कॉन्फ.डी/ मध्ये मल्टिपाथ.कॉन्फ नावाची छोटी फाइल करा आणि तिच्यात एवढी एकच ओळ लिहा:

ॲड_ड्राकटमॉड्यूल्स+=" मल्टिपाथ "

अवतरणचिन्हांच्या आतल्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा गाळू नका. अशा ओळी एकमेकींना जोडल्या जातात, आणि जागा नसेल तर दोन मॉड्यूलांची नावं चिकटून भलतंच नाव तयार होतं. या ओळीमुळे रूट कुठेही असो, पुढच्या प्रत्येक कर्नलच्या इमेजमध्ये मल्टिपाथ येणारच. साखळी तुटते ती इथे.

मग मल्टिपाथ -ए /डेव्ह/एसडीए चालवून बूट लनचा क्रमांक डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमध्ये टाका आणि फाइल उघडून डोळ्यांनी खात्री करा. आदेशात तुमच्या रूटखालची खरी डिस्क द्या, सवयीने एसडीए लिहू नका. रीबूटनंतर ही अक्षरं बदलतात.

आता ड्राकट --फोर्स --रीजनरेट-ऑल. यामुळे बसलेल्या सगळ्या कर्नलांच्या इमेज नव्याने बनतात, नुसत्या चालू कर्नलची नाही. /बूटमध्ये जागा पुरेशी आहे का ते आधी पाहा.

नंतर एलएसइनिटआरडीने इमेजच्या आत डोकवा. चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: मल्टिपाथडी, डीएम-मल्टिपाथ हे कर्नल मॉड्यूल, /ईटीसी/मल्टिपाथ.कॉन्फ (ड्राकटसाठी केलेली छोटी फाइल नव्हे) आणि डब्ल्यूडब्ल्यूआयडीज. फाइल नुसती असून भागत नाही, एलएसइनिटआरडीच्या -एफ पर्यायाने तिचा मजकूर वाचा. सुरुवातीच्या बूटमध्ये डिस्कवरची मल्टिपाथ.कॉन्फ वाचली जात नाही, इमेजमधली प्रत वाचली जाते. त्यामुळे मल्टिपाथ.कॉन्फमध्ये पुढे कधीही बदल केला तरी ड्राकट पुन्हा चालवावा लागतो.

यानंतर रीबूट, आणि तोही लगेच. मधे कर्नल अपडेट येऊ देऊ नका. ड्राकटच्या नव्या फाइलमुळे आता तो धोका उरत नाही खरं, पण एका वेळी एकच बदल तपासणं केव्हाही बरं.

एलव्हीएमचा फिल्टर मात्र या रीबूटच्या आधी आवळू नका. पुष्कळ ठिकाणी सल्ला दिला जातो की एलव्हीएम.कॉन्फमध्ये फक्त /डेव्ह/मॅपरखालच्या डिस्क मान्य करा. सल्ला योग्य आहे, पण रूट अजून एसडीएवर असताना तो अमलात आणला आणि काही कारणाने मल्टिपाथ उभा राहिला नाही, तर एलव्हीएमला रूटचा पीव्ही (एलव्हीएमने वापरायला घेतलेली डिस्क) दिसतच नाही. आधी रूट मल्टिपाथवर आणा, मग फिल्टर लावा, मग पुन्हा ड्राकट. रेड हॅट ९ मध्ये फिल्टरऐवजी /ईटीसी/एलव्हीएम/डिव्हाइसेसखालची यादी मुळातच चालू असते. तिथे एलव्हीएमडिव्हाइसेस हा आदेश चालवून रूटच्या पीव्हीची नोंद एमपाथच्या ओळखीने आहे ना ते पाहा. एसडीच्या ओळखीने असेल तर मल्टिपाथवर उठल्यावर ती बदला.

नावांबद्दल थोडक्यात. एमपाथए, एमपाथबी ही सुटसुटीत नावं बाइंडिंग्ज फाइलवरून ठरतात. इमेजमधली बाइंडिंग्ज आणि डिस्कवरची बाइंडिंग्ज वेगळी पडली की बूटच्या सुरुवातीला एक नाव आणि नंतर दुसरं असा घोळ होतो. बूट लनला मल्टिपाथ.कॉन्फमध्ये त्याच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीसह स्वतःचं ठरावीक नाव द्या. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एसडीचं नाव कुठेही उरू देऊ नका. /बूट आणि /बूट/ईएफआय या दोन ओळी हमखास विसरल्या जातात.

ओएसच्या खालचा मजला

लिनक्समध्ये चार पाथ दिसले म्हणजे बूटही चार पाथांनी होईल असं नाही. लिनक्स सुरू व्हायच्या आधी कर्नल आणि इमेज वाचण्याचं काम फर्मवेअर करतं, आणि त्याला मल्टिपाथ माहीत नसतं. एचबीएच्या सेटिंगमध्ये बूट फक्त पहिल्या पोर्टवर चालू केलेलं असेल आणि त्या पोर्टचं फॅब्रिक बंद असेल, तर सर्व्हरला बूट डिस्क सापडतच नाही. चालू असलेला सर्व्हर तगतो, रीबूट केलेला परत येत नाही.

दोन्ही एचबीए पोर्टांवर बूट चालू करा. प्रत्येक पोर्टवर स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरांचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टांचे पत्ते) द्या, एक मुख्य आणि एक पर्यायी. बूट लनचा क्रमांक सगळ्या पाथांवर एकच ठेवा, शक्यतो शून्य. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) सर्व्हरवर ईएफआयबूटएमजीआर या आदेशाने मूलभूत पर्याय वापरून केलेली नोंद पार्टिशनच्या जीयूआयडीने डिस्क ओळखते, त्यामुळे डिस्क कोणत्याही पोर्टवरून दिसली तरी चालते, फक्त ती फर्मवेअरला दिसली पाहिजे. नोंदीत पोर्टचा पूर्ण पत्ता असेल तर दुसऱ्या पोर्टसाठी दुसरी नोंद करावी लागते. ईएफआयबूटएमजीआर -व्ही चालवून आपली नोंद कोणत्या प्रकारची आहे ते बघून घ्या.

सगळे पाथ गेले तर

याचं उत्तर आधी ठरवलेलं असावं. मल्टिपाथ.कॉन्फमधला नो_पाथ_रीट्राय क्यूवर ठेवला तर सगळे पाथ गेल्यावर लिहिणं-वाचणं अनंत काळ रांगेत थांबतं. तेव्हा सर्व्हर विचित्र अवस्थेत जातो: पिंगला उत्तर देतो, पण एसएसएचने लॉगिन होत नाही, कारण शेल डिस्कवरून वाचावा लागतो. निरीक्षणाच्या पडद्यावर तो हिरवा दिसत राहतो. फेलवर ठेवला तर काही सेकंदांच्या कंट्रोलर बदलातही एक्सएफएस बंद पडते किंवा ईएक्सटी४ रीड-ओन्ली होते.

मी आकडा द्यायला सांगेन. पोलिंग_इंटरव्हल (पाथच्या दोन तपासण्यांमधलं अंतर) ५ सेकंद आणि नो_पाथ_रीट्राय १२ म्हणजे साधारण ६० सेकंदांची सवलत. तुमच्या ॲरेचा कंट्रोलर बदल त्याहून जास्त वेळ घेत असेल तर आकडा वाढवा. आणि लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा. बूट डिस्क गेल्यावर ती का गेली हे लिहायला तीच डिस्क लागते, म्हणजे नेमक्या त्या मिनिटांची नोंद स्थानिक लॉगमध्ये कधीच सापडत नाही.

चाचणी

सर्व्हर चालू असताना एक केबल काढून बघणं ही अर्धी चाचणी झाली. /सिस/ब्लॉकखालच्या स्टेट फाइलमध्ये ऑफलाइन लिहून पाथ पाडणं त्याहून कमी, त्यातून फर्मवेअरबद्दल काहीच कळत नाही. खरी चाचणी म्हणजे एक फॅब्रिक बंद ठेवून रीबूट.

स्विचवर या सर्व्हरचा पहिल्या फॅब्रिकचा पोर्ट बंद करा. मल्टिपाथ -एलएलमध्ये दोन पाथ फेल्ड, फॉल्टी दाखवतील आणि रूट चालू राहील. आता रीबूट. सर्व्हर उठला पाहिजे, आणि एलएसबीएलके -एसमध्ये दोनच डिस्क असल्या तरी मधली एमपाथची पायरी दिसलीच पाहिजे. ती नसेल तर डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइल इमेजमध्ये पोहोचलेली नाही. पोर्ट चालू करा, चारही पाथ ॲक्टिव्ह होईपर्यंत थांबा, मगच दुसऱ्या फॅब्रिकने हेच करा. इथे घाई केली तर दोन्ही बाजू एकाच वेळी बंद पडतात.

यानंतर एक कर्नल अपडेट मुद्दाम करून पाहा आणि रीबूटच्या आधी एलएसइनिटआरडीने नव्या इमेजमध्ये त्याच चार गोष्टी तपासा. हीच तपासणी पॅचिंगच्या स्क्रिप्टमध्ये रीबूटच्या आधीची पायरी म्हणून घाला: इमेजमध्ये मल्टिपाथडी नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. निरीक्षणात दोन सूचना लावा, बूट मॅपचे पाथ चारपेक्षा कमी झाले तर एक आणि रूटखाली एमपाथ नसेल तर दुसरी. पहिली एकटी पुरत नाही, कारण मॅपच नसेल तर मोजायला पाथही नसतात.

रीबूटनंतर सर्व्हर ड्राकटच्या आपत्कालीन शेलमध्ये थांबला तर ग्रबच्या मेनूत कर्नलच्या ओळीला आरडी.मल्टिपाथ=० जोडून पाहा. त्याने इमेजमधला मल्टिपाथ बंद राहतो आणि रूट एका पाथवर उठतो, अर्थात एलव्हीएमचा फिल्टर आडवा येत नसेल तर. फिल्टर आधीच आवळलेला असेल तर बाजूला ठेवलेली जुनी इमेज कामी येते. ग्रबमध्ये इनिटआरडीच्या ओळीत तिचं नाव हाताने लिहायचं. उठल्यावर पहिल्यांदा डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमधला क्रमांक आणि प्रत्यक्ष लनचा क्रमांक जुळतो का ते पाहा. एससीएसआय_आयडीने येणारा क्रमांक अक्षरन् अक्षर तोच हवा.